रिकाम्या अंगणातली पर्वचा

"पण युक्ती कुठली लावायची, बुवा? तेवढं सांगा."

बुवांनी धुनीत फुंकर घातली.

"काहीतरी असेलच ना? गुणाकाराला युक्ती असते, भागाकाराला असते. अडलेल्या माणसाला बोलतं करायलाही असणार."

बुवांनी चिमट्यानं धुनीतलं लाकूड आत सरकवलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले.

श्रीरंग पिसाळची चुळबुळ सुरू झाली. प्रश्न विचारायची त्याला सवयच नव्हती. तो उत्तरांचा माणूस. पुण्यातल्या सभागृहांत लोक वाटेल ते आकडे फेकत आणि हा ते वरच्यावर झेलून उत्तर परत फेकी. समोरचा मोबाइलवर बटणं दाबतोय तोवर याचं उत्तर देऊन, घोटभर पाणी पिऊन, पुढचा प्रश्न मागून झालेला असे. 'गणकराज' म्हणत त्याला. जाहिरातीत फोटोखाली तसंच छापलेलं असे, आणि खरं सांगायचं तर ते त्यानंच छापायला सांगितलेलं असे.

तर असा हा गणकराज, कोरेवाडीच्या मठात दौलतगिरी गोसाव्यापुढं मांडी घालून बसला होता. एका प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं म्हणून.

तो प्रश्न शेजारीच बसला होता. ओवरीच्या खांबाला टेकून, पायांवर शाल घेऊन. त्याची आई, शेवंताबाई.

चाकाची खुर्ची पायऱ्यांशीच ठेवावी लागली होती. त्यानं आईला उचलून वर आणलं. ती इतकी हलकी लागली की वर पोचल्यावरही त्यानं तिला लगेच खाली ठेवलं नाही.

"लई वर्सांनी आलीस शेवंता," बुवा तिच्याकडं वळून म्हणाले. "वळखलंस का मला?"

"ओळखते की," श्रीरंग म्हणाला. "वाटेत तुमचं नाव काढलं तेव्हा डोळे लकाकले तिचे."

बुवांनी मान डोलावली.

"पाणी देऊ का गं?"

"आत्ताच गाडीत प्यायलीय, बुवा."

"उन्हात बसतीस का जरा? हिकडं गारवा हाय."

"नको, उन्हानं तिचं डोकं दुखतं."

बुवांनी शेवंताबाईंकडं बघितलं. शेवंताबाईंनी बुवांकडं बघितलं. मग दोघांनीही नजर खाली घेतली, लग्नाच्या पंगतीत एखादा आगाऊ पाहुणा मध्येच बोलला की घरचे घेतात तशी.

श्रीरंगला त्यातलं काही कळलं नाही. हुशार माणसांना एक खोड असते. समोरच्याचं वाक्य कुठं चाललंय ते त्यांना आधीच दिसतं, मग ती धावत पुढं जाऊन दार उघडून उभी राहतात. दार उघडल्याबद्दल आपले आभार मानले जातील असं त्यांना वाटतं. आतला माणूस मात्र घरात शिरायचं सोडून वाटेतूनच परत जातो.

श्रीरंगची बायको अशीच परत गेली होती. एके सकाळी ती म्हणाली, "माझं एक तरी वाक्य मला पुरं करू दे." तो म्हणाला, "म्हणजे तुला असं म्हणायचंय की…" ती हसली, आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. भांडण असं झालंच नाही. त्यानं कितीदा आठवून बघितलं, पण चूक कुठं झाली ते सापडलं नाही.

तेव्हापासून उंच इमारतीतल्या त्या घरात दोन माणसं राहत, आई आणि तो. आणि आईला झटका आल्यापासून तर बोलणारं माणूस एकच उरलं होतं.

"झालं काय ते नीट सांग," बुवा म्हणाले.

श्रीरंगनं सांगितलं. आईच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात गेला, पाय गेला, तो थोडा परत आला. पण वाचा गेली ती गेलीच. माणसं ओळखू येतात, नावं येत नाहीत. भूक लागते, ती सांगता येत नाही. इस्पितळात आठ-दहा दिवस नुसता घशातला आवाज होता.

"आणि मग एका संध्याकाळी, बुवा…" तो थांबला. "मी उशाशी बसलो होतो. बाहेर अंधारून आलं होतं. आणि आई एकदम म्हणाली, 'सात एके सात.'"

बुवांनी डोळे मिटले.

"स्पष्ट म्हणाली. मला वाटलं मलाच भास झाला. मग म्हणाली, 'सात दुणे चौदा.' मी पळत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलायची जागा निकामी झाली तरी लहानपणी घोकलेलं दुसरीकडं कुठंतरी शिल्लक राहतं. कोणाची आरती राहते, कोणाची शिवी. हिचे पाढे राहिले."

"बरं झालं की."

"बरंच झालं! डॉक्टर म्हणाले, हाच धागा धरा. यातूनच कधी एखादा खरा शब्द निघेल. मी कार्यक्रम रद्द केले, बुवा. सगळे. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसलो."

"आन् मग?"

"मग ती म्हणायची, 'सात चोक…' आणि अडायची. मी म्हणायचो, 'अठ्ठावीस.' तिला धीर यावा म्हणून. सुरुवातीला एक-दोन ठिकाणी अडायची. मग जास्त अडायला लागली. मग सगळीकडंच. आता ती नुसती माझ्याकडं बघत बसते."

"आन् तू?"

"मी म्हणतो."

"काय?"

"पाढा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोठ्यानं. ती ऐकते."

बुवांनी चिमट्यानं धुनीतली राख सारखी केली.

"म्हंजी पाढे आता तुला येत्यात," ते म्हणाले.

"मला? मला तर आधीपासून येतात!"

"त्येच म्हणतोय."

श्रीरंग चिडला. इतक्या लांबून आलो, आईला कडेवर घेऊन पायऱ्या चढलो, आणि म्हातारा कोड्यात बोलतोय. पण चिडून चालणार नव्हतं. गेल्या आठवड्यात आईच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, की न वापरलेली वाट बुजते. हा शेवटचा धागा सुटला तर आई असून नसल्यासारखी होईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. भल्याभल्या गुणाकारांची उत्तरं दिसतात तितकं स्वच्छ.

तो जरा पुढं सरकला.

"बुवा, पूर्वी तुमच्या हाताखाली होतो तेव्हाचा पोरगा नाही मी आता. मला युक्त्या कळतात. तुम्ही नुसतं बोट दाखवा, पुढचं मी करतो. हे बघा, सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव. किती वेळ लागेल तुम्हाला?"

"लई येळ लागंल."

"नऊ हजार तीनशे बारा. कसं? सत्त्याण्णव शंभराला तीनानं कमी. शहाण्णव चारानं कमी. सत्त्याण्णवातून चार काढा, त्र्याण्णव. तीन चोक बारा. त्र्याण्णवापुढं बारा ठेवा. झालं!"

बुवांनी जमिनीवरच्या राखेत बोटानं आकडे मांडले. हळूहळू, सावकाश. मांडून झाल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"आयला! ब्येस हाय की रं! मला ठावंच नव्हतं."

श्रीरंगची छाती फुगली. "पस्तीसला पस्तीसनं गुणायचंय? तिनाच्या पुढचा चार. तीन चोक बारा. बाराच्या पुढं पंचवीस. बाराशे पंचवीस! अकरानं गुणायचं, तर आकडे दोन्हीकडं फाकवा आणि त्यांची बेरीज मध्ये बसवा. त्रेचाळीस? चार, सात, तीन. चारशे त्र्याहत्तर! मी मुलांना हेच शिकवतो. घोकंपट्टीची गरजच काय? जिथं सगळे पायऱ्या चढत असतात, तिथं आपण आधीच वर."

"आन् वर पोचल्यावर?"

"काय?"

"तू आदी पोचलास. मंग काय केलंस?"

श्रीरंग हसला. "मग काय करायचंय? बाकीचे येईपर्यंत थांबायचं."

"कोन कोन आलं?"

श्रीरंगचं हसू जागच्या जागी राहिलं. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या मागच्या दारानं एकटाच गाडीकडं जाणारा तो स्वतःला दिसला. टाळ्या आत राहत. गाडीत कोणी नसे. घरी आल्यावर आई विचारायची, "कसं झालं रं, रंगा?" आणि तो चपला काढता काढता म्हणायचा, "छान." तेवढंच. आता तेही कोणी विचारत नव्हतं.

"कोणी नाही आलं, बुवा," तो म्हणाला.

हे तो मोठ्यानं म्हणाला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. शेवंताबाईंचा डावा हात शालीखाली हलला.

ऊन मठाच्या भिंतीवरून वर सरकलं. नदीपलीकडं उसाच्या फडात पाचट पेटवलं होतं, त्याचा करपट वास इथवर आला. अंगणात जुन्या महंतांच्या समाध्या, एक वाकडा चाफा, आणि झाडून स्वच्छ केलेली मोकळी जमीन. कोणी येणार असल्यासारखी झाडलेली.

"युक्ती हाय," बुवा एकदम म्हणाले.

श्रीरंग सावरून बसला.

"उत्तर येत असलं तरी न येन्यावानी बसायचं."

"एवढंच?"

"येवढंच."

"यात काय अवघड आहे?"

"न्हाई म्हनतोस? सात तिरीक?"

"एकवीस."

बुवांनी नुसतं बघितलं.

"हां… चुकून गेलं तोंडातून. परत विचारा."

"बारा नव्वे?"

"एकशे आठ. अरेच्चा!"

"तेरा चोक?"

श्रीरंगनं ओठ घट्ट मिटले. गालफडं फुगली. डोळे मोठे झाले. एक क्षण गेला, दुसरा गेला…

"बावन्न!"

बुवांना हसू आवरेना. म्हातारा तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसत राहिला. शेवंताबाईंच्या ओठाची चांगली बाजू किंचित वर गेली. श्रीरंगनं ते बघितलं नाही. तो घामाघूम झाला होता. मोठमोठे आकडे ज्यानं चुटकीसरशी लोळवले, त्याला साधा बावन्न आवरता येईना.

"मला जमत नाही बुवा," तो म्हणाला. "जीभ ऐकत नाही."

"कदीपास्नं ऐकत न्हाई?"

"लहानपणापासून."

"कशापायी?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि उत्तर तर होतं. कुठल्याही युक्तीनं न येणारं, पण होतं. तो आईकडं न बघता बोलला.

"पर्वचेपासून, बुवा. इथंच."

कोरेवाडीची सगळी पोरं तेव्हा दिवेलागणीला या अंगणात जमत. शुभंकरोती झाली की पाढे. बुवा समोर बसून पहिला अर्धा म्हणत, "सात आठे…" आणि पोरांनी उरलेला अर्धा म्हणायचा. पोरांच्या रांगेच्या टोकाला श्रीरंगची आई बसायची. सासरी आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. नवरा लवकर वारला. पोरगं मांडीवर घेऊन ती पर्वचेला यायला लागली, आणि पोरगं मांडीवरून उतरून रांगेत बसायला लागलं तरी तीही बसत राहिली. मोठी बाई, पोरांच्या रांगेत.

"तिला वेळ लागायचा," श्रीरंग म्हणाला. "पोरं तिच्याकडं बघून फिदीफिदी हसायची. मला ते बघवायचं नाही. मग मी ठरवलं, पोरं हसायच्या आत आपण उत्तर द्यायचं. जोरात. म्हणजे तिच्याकडं कोणी बघणार नाही. तिला वेळ लागला हे कोणाला कळणारच नाही."

तो थांबला.

"मी तिच्यासाठी म्हणायचो, बुवा. तेव्हाही, आणि आत्ताही."

आता त्यानं आईकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. ते कशानं, हे मात्र या गणकराजाला सांगता आलं नसतं.

बुवांनी गुडघ्यावर हात टेकला, हळूच उठले, आत गेले आणि समईची वात लावून आले. समई ओवरीच्या कडेला ठेवली. मग अंगणाकडं तोंड करून आपल्या जागेवर बसले, पाठ ताठ करून.

"हे काय, बुवा?"

"पर्वचेची येळ झाली."

"पण पोरं?"

"येत न्हाईत आता. बस येती, तालुक्याच्या शाळंत घिऊन जाती. दिवं लागल्यावर सोडती. दमत्यात बिचारी."

"मग तुम्ही कोणाला विचारता?"

"इचारतो."

"आणि उत्तर?"

"थांबतो."

श्रीरंगनं त्या मोकळ्या अंगणाकडं बघितलं. किती वर्षं हा म्हातारा रोज संध्याकाळी झाडलोट करून, दिवा लावून, नसलेल्या पोरांना पाढे विचारत असेल? आणि नसलेल्या पोरांना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबत असेल? आपल्या उंच इमारतीतलं घर एकटं, असं त्याला आजवर वाटत होतं. एकटेपणाला इतकं झाडून-पुसून, दिवा लावून नीटनेटकं बसवलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"किती वेळ थांबता, बुवा?"

"शेवटचं पोर पोचंस्तवर."

"म्हणजे किती?"

बुवांनी घसा खाकरला. मान वळवून एकदा श्रीरंगकडं बघितलं. त्यात धाक नव्हता, पण त्या नजरेनं श्रीरंगचे ओठ आपोआप मिटले.

"सात एके…"

अंगण गप्प. चाफ्याचं एक पान खाली पडलं.

सात, सात, सात. श्रीरंगच्या जिभेच्या शेंड्यावर सात नाचत होता. त्यानं दात आवळले. पुलावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बारीक होत होत संपला. बुवा हलले नाहीत. इतका वेळ? इतका वेळ कोणी थांबतं का? आता बोलावं, एकदाच बोलावं आणि सोडवावं सगळ्यांना…

"सात," शेवंताबाई म्हणाल्या.

श्रीरंगची जीभ जागच्या जागी थांबली.

"सात दुणे…"

"चौ… चौदा."

"सात तिरीक…"

इथं ती अडली. श्रीरंगला सवयीनं उसळी आली, आणि त्यानं गळ्यातल्या उपरण्याचं टोक चक्क तोंडात कोंबलं. हसण्यासारखंच दिसत होतं ते. मोठमोठी सभागृहं गाजवणारा गणकराज, तोंडात बोळा घालून बसलेला! पण बोळ्यामुळं एक झालं. उत्तराकडं बघायचं सुटलं आणि तो आईकडं बघायला लागला.

उत्तर कसं येतं हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्याकडं ते न बोलावता हजर व्हायचं. आईचं तसं नव्हतं. आधी तिची भुवई वर गेली. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लागली. घशाची शीर हलली. ओठ एकदा चुकीचे जुळले, तिचे तिनंच ते सोडवले, पुन्हा जुळवले. अंधारात विहिरीवरून घागर ओढत आणावी तसं ते उत्तर ती ओढत आणत होती. ही धडपड चालू असताना तो आजवर रोज मध्येच म्हणत आला होता, "एकवीस."

"एक… वीस," ती म्हणाली.

श्रीरंगचे डोळे वाहायला लागले. त्यानं ते पुसले नाहीत. हात हलवला तर काहीतरी बिघडेल असं त्याला वाटलं.

"सात चोक…"

"अठ्ठावीस."

"सात पंचे…"

"पस्तीस."

आता तिला जरा लय सापडली होती. आवाज खरखरीत होता, एका बाजूनं फाटलेला, पण तिचा होता. सात सक बेचाळीस झाले. सात साते एकोणपन्नास झाले. बुवा दर वेळी तितकेच थांबत, तिला लागले तितके. तिचं उत्तर आलं म्हणून घाई नाही, नाही आलं म्हणून काळजी नाही. अंगणाकडं बघत बसलेले, सगळी रांग समोर असल्यासारखे.

"सात आठे…"

शेवंताबाई थांबल्या.

भुवई वर गेली. बोटं हलली. मग बोटं थांबली.

वात जराशी फडफडून स्थिर झाली. नदीकडून गारवा आला. ती काहीच बोलेना. छप्पन्न श्रीरंगच्या तोंडात भरून राहिला होता, बोळ्याच्या पाठीमागं. तिला नाही येत. ती दमली. आता नाही दिलं तर धागा तुटेल…

त्यानं उपरणं तोंडातून काढलं. ओठ उघडले.

आणि मिटले.

त्याला वाटलं, थांबू दे. नाही आलं तर नाही आलं. रात्रभर नाही आलं तर इथंच बसू. एवढं त्याच्या मनात आलं आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. छप्पन्न त्याच्या तोंडातून विरून गेला. सात आठे किती, हे त्याला खरोखर ठाऊक नाहीसं झालं. तो नुसता आईच्या तोंडाकडं बघत राहिला, लहान पोर बघतं तसा.

शेवंताबाईंनी मान वळवली. बुवांकडं नाही, अंगणाकडंही नाही. त्याच्याकडं.

ओठ चुकीचे जुळले. सुटले. पुन्हा जुळले…

"रं… रंगा," ती म्हणाली.

श्रीरंगला हुंदका आवरला नाही. तो गुडघ्यांवर रांगत तिच्याजवळ गेला आणि तिचा डावा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, आणि तो एक शब्दही बोलला नाही.

बुवांनी मागं वळून बघितलं नाही. ते अंगणाकडंच बघत होते.

"बराबर," ते म्हणाले. "सात नव्वे…"